गुंतवळाची अंगठी

आमच्या भवानी पेठेतल्या बोळात सोनं कुणाच्याच घरात फारसं नव्हतं, पण एकूणएक पोरीच्या बोटात अंगठी होती आणि ती मी केलेली होती. ज्वारीच्या चिपाडाची साल नखानं अलगद सोलून तिचा पट्टा बोटाभोवती वळला की पिवळीधमक अंगठी व्हायची. दुसऱ्या दिवशी ती वाळून तडकायची, पण तोवर सोन्याची दिसायची. करवंटीच्या अंगठीला वेळ लागे. करवंटीच्या तुकड्याला भोक पाडायचं, ते मोठं करत न्यायचं, मग दारातल्या दगडावर पाणी शिंपडून घासत बसायचं, आणि शेवटी खोबरेल चोळलं की ती शिसवीसारखी काळीभोर चमकायची. मोडकी शिंगाची फणी, खारकेची बी, सोड्याच्या बाटलीच्या गळ्यातलं रबर, विडीकाडीच्या दुकानापुढं पडलेला चंदेरी कागद, मला काहीच टाकवत नसे. खडा म्हणून फुटक्या बांगडीचा तुकडा नाहीतर गुंज लावायची. लाल गुंज, डोक्यावर काळा ठिपका. कासाराकडून मागून आणलेल्या लाखेच्या थेंबात ती बसवली की माणकाचं काम. बोळात मला ‘अंगठीवाली चंद्री’ म्हणत. हे लिहिताना मला अजूनही आधी जरा मोठेपणा वाटला, तो लपवत नाही. त्याच्यामागून जे येतं ते सांगण्यासाठीच बसले आहे.

घर म्हणजे पुढची मोठी खोली आणि मागं चूल. पुढच्या खोलीत दोन माग, एक अण्णांचा म्हणजे वडिलांचा आणि एक दादाचा. जमिनीत खड्डा, खड्ड्याच्या काठावर बसायचं, पाय खाली दाबायच्या पावड्यांवर आणि उजव्या हातात धोट्याच्या दोरीची मूठ. ती मूठ ओढली की धोटा इकडून तिकडं धावायचा. पहाटे गिरणीचा भोंगा व्हायचा, त्याच्याशी आमचा काही संबंध नव्हता, तरी अण्णा त्या भोंग्यालाच उठत. मग दोन्ही माग सुरू व्हायचे. अण्णांचा माग सावकाश चाले, दादाचा घाईनं, आणि शेजारच्या तेलुगू घरातल्या चार मागांचा आवाज त्यांच्यात मिसळला की बोळातून चालणारा माणूस आपसूक त्या ठेक्यावर पावलं टाकी. आई सुताला लावायची खळ शिजवायची. त्या आंबूस वासात तव्यावरच्या भाकरीचा वास आणि उखळात कुटल्या जाणाऱ्या शेंगाच्या चटणीचा वास मिसळे. आज कुठं कापडाला नवीन खळीचा वास आला तरी माझ्या तोंडाला चटणीची चव येते.

दादा माझ्याहून बराच मोठा. तुटलेला धागा जोडायची गाठ मला त्यानंच शिकवली. ती साधी गाठ नव्हे. चपटी, कापडात दिसायची नाही आणि ओढली तर आणखी घट्ट बसायची. मी ती शिकले तेव्हा त्यानं अण्णांना हाक मारून दाखवलं, म्हणाला, हिची गाठ बघा, माझ्यापेक्षा बारीक. फक्त एका बाजूला ती किंचित सैल पडे. दादा म्हणायचा, मोठी झालीस की जमंल. पुढं माझ्या सगळ्या अंगठ्या त्याच गाठीवर उभ्या राहिल्या.

दादाचं लग्न झालं आणि मैंदर्गीची नीलव्वा आमची वहिनी होऊन आली. आम्ही कोष्टी आणि तेही कोष्टीच, पण तिच्या माहेरी माग केव्हाच मोडला होता. थोडी शेती आणि शेळ्या यांवर चालायचं, आणि घरात सगळे कानडी बोलायचे. तिचं मराठी अडखळत यायचं. मी तिच्यापुढं एवढीशी पोर, तरी नणंद म्हणून मला ‘वन्सं’ म्हणायची, आणि मी त्या मानानं फुगायची. मागाच्या कामातलं तिला काही येत नव्हतं. रहाटावर बसून धोट्यातल्या कांड्या भरायला शिकली, पण मध्येच सूत तुटलं की तिला ती गाठ मारता येत नसे. लाजून हळूच हाक मारायची, “वन्सं, तुटलं की.” मी जाऊन गाठ मारून द्यायची. आई चुलीपुढून म्हणायची, कोष्ट्याच्या घरात आली आन गाठ येईना हिला. सगळ्या घराला हे ठाऊक होतं. हे मुद्दाम लिहून ठेवते आहे.

तिला येत होतं ते निराळंच. शेंगाच्या पोळ्या, आणि सणाला गव्हाची हुग्गी. खपली गहू कुटून, गूळ घालून, वर खसखस. ती करताना कानडीत काहीतरी गुणगुणायची. आईला हुग्गी आवडायची, पण तसं तोंडानं तिनं कधी म्हटलं नाही. वाटी मात्र दुसऱ्यांदा पुढं करायची.

केसाच्या अंगठ्यांचा नाद मला लागला तो बाबूमियांच्या घोड्यामुळं. कोपऱ्यावर टांग्यांचा अड्डा होता. बाबूमियां खरारा करताना शेपटीचे गळालेले केस माझ्यासाठी खुंटीला अडकवून ठेवायचा. बोटाएवढ्या बोरूच्या तुकड्यावर केसांची जुडी गुंडाळायची, तिच्यावरून एकेक केस घेऊन वेढे घालत जायचे आणि प्रत्येक वेढ्याला दादाची ती गाठ. पुरी झाली की बोरूवरून ओढून काढायची. अशी अंगठी तडकत नाही, फुटत नाही, पाण्यानं बिघडत नाही. समोरच्या काशीमावशीच्या नातीनं मी दिलेली अंगठी कितीतरी दिवस बोटातून काढली नव्हती.

मग मला केम गावचं स्थळ सांगून आलं. त्या काळी पोरीच्या लग्नाचं बोलणं सुरू झालं की तिचे पाय आधी घरात घेतले जात. आईनं माझं टांग्याच्या अड्ड्यावर जाणं बंद केलं. घोड्याच्या शेपटाची केसं गोळा करती म्हणून कुणी सांगितलं म्हंजे, असं ती म्हणाली. आणि तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण माझे हात शिवशिवत होते.

वहिनीचे केस गुडघ्यापर्यंत होते. शुक्रवारी न्हाऊन ती मागच्या दारात उन्हाला बसायची आणि फणीनं केस विंचरायची. फणीत जे निघे ते गुंतवळ बोटाभोवती गुंडाळून, त्यावर थूथू करून, ती न्हाणीच्या भिंतीतल्या भोकात दाबून ठेवायची. आमच्यात सगळ्याच बाया असंच करत. बाईचं गुंतवळ वाऱ्यावर जाऊ द्यायचं नाही, कुणाच्या हाती पडू द्यायचं नाही. का, ते पोरींना कुणी उलगडून सांगत नसे. नुसतं दटावत. सुया-पोत घेऊन येणाऱ्या बाया गुंतवळाच्या बदल्यात सुया देत, पण आई त्यांना दारातूनच परत लावायची. मला एवढंच दिसत होतं की घोड्याचे केस राठ आणि तांबूस, आणि भिंतीतल्या त्या भोकात काळंभोर, लांबसडक, रेशमासारखं सूत फुकट कुजत पडलंय.

मी ते काढलं. वहिनीला विचारलं नाही. विचारलं असतं तर ती घाबरून नको म्हणाली असती, हे मला आतून कळत होतं, म्हणून विचारलं नाही.

अंगठी दादासाठी करायची होती. तो त्या दिवसांत आजारी होता. अंगात बारीक ताप, जेवण जात नव्हतं, खांद्याची हाडं वर आली होती. तरी मागावर बसायचा आणि अर्ध्यातून उठून भिंतीला टेकायचा. लग्नाआधी तो मला म्हणायचा, सगळ्या बोळाला अंगठ्या घालतीस आन मलाच न्हाय. ते मनात होतं. एकदा दुपारी तो झोपला असताना मी त्याच्या बोटाला दोरा गुंडाळून माप घेतलं. वहिनीचेच केस, कारण त्याला वहिनी आवडायची आणि मला दोघंही. मध्ये पिवळ्या रेशमाचा एक वेढा, कारण काळ्यावर पिवळं उठून दिसतं. वर गुंज, माझ्याजवळची सगळ्यात लाल. तोवरच्या माझ्या सगळ्या अंगठ्यांत ती उत्तम झाली होती. हेही खरंच आहे.

ती त्याला हातात द्यायची नव्हती. सकाळी मागावर बसून त्यानं मूठ धरायला हात घातला की तिथं ती सापडावी, असं मनात धरलं होतं. पण त्याचा माग मोकळा मिळायचा कधी? दिवसभर अण्णा समोर, संध्याकाळी दादाच खड्ड्यात बसून धागे लावायचा. कोष्ट्याचा माग बंद राहतो तो अवसेला. त्या दिवशी खड्डा झाडायचा, मागाला हळदकुंकू लावायचं, ऊद जाळायचा, आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत त्याला कुणी शिवायचं नाही. म्हणून मी अवसेची वाट पाहिली. पूजा झाली, सगळे मागच्या दारी गेले, उजेड अजून होता, आणि मी ती अंगठी दादाच्या मागाच्या मुठीला पिवळ्या धाग्यानं बांधली. सुटून खाली खड्ड्यात पडू नये म्हणून घट्ट बांधली.

पुढचं वाचणाऱ्याच्या ध्यानात आलं असेल. माझ्या आलं नव्हतं. मी शपथेवर सांगते, आलं नव्हतं. पण ही शपथ आज माझ्या फार उपयोगाची नाही, कारण माझा गुन्हा याच्यानंतरचा आहे.

सकाळी भोंगा झाला. अण्णांचा माग सुरू झाला, दादाचा झाला नाही. मी अंथरुणात हसू दाबून पडले होते. दादानं आईला हाक मारली, पण ज्या आवाजात मारली तो आवाज मी ओळखला नाही. मी उठून गेले तेव्हा तो खड्ड्याबाहेर येऊन भिंतीला पाठ लावून उभा होता आणि हात धोतराला पुसत होता. अण्णांचा माग थांबला. शेजारचे माग चालूच होते.

आईनं जवळ जाऊन पाहिलं. बाईचे केस, लाल गुंज, पिवळा धागा, गाठीवर गाठ, आणि अवसेला मागावर बांधलेलं. समोरून काशीमावशी आली. कुणी बोलावलं की आपण होऊन आली ते आठवत नाही. अशा गोष्टींतलं तिला कळतं असं सगळे धरून चालत. तिनं हात न लावता वाकून पाहिलं आणि म्हणाली, “पोरगं उगंच वाळत न्हाय, माझं मन मला सांगत होतं.” मग इकडंतिकडं बघून, “असलं लांब केस या घरात कुणाचं हाय, ते मी सांगायला नको.”

वहिनी कांड्यांची पाटी घेऊन दारात उभी होती. तिला बोलावलं. तिनं पाटी खाली ठेवली, जवळ आली, वाकली आणि ती अंगठी नीट पाहिली. घाबरून नव्हे. एखादं आपलं हरवलेलं भांडं दुसऱ्याच्या घरात दिसावं तशी ती बघत होती. मग सरळ उभी राहिली.

“केस माजे हायती,” ती म्हणाली. “गाठ माजी न्हवं. मला येत न्हाय ती.”

दादानं खाली पाहिलं. अण्णा आपल्या मागाच्या कापडावर बोट फिरवत राहिले. त्या खोलीत जन्मलेल्या प्रत्येकाला ती गाठ ठाऊक होती, आणि वहिनीला ती येत नाही हेही ठाऊक होतं. आईनं चुलीवरचा चिमटा आणला, अंगठी मुठीवरून सोडवून उजेडात धरली, आणि आतल्या बाजूनं, जिथं गाठ किंचित सैल पडते तिथं, बघितलं. मग तिनं माझ्याकडं पाहिलं. तिची नजर रागाची नव्हती. मी तापानं फणफणले की ती जशी बघायची, तशी होती.

काशीमावशी म्हणाली, “चंद्रे, तू तर न्हाईस ना गं केलं हे? तुला नाद हाय अंगठ्यांचा.”

मी तोंड उघडायच्या आत आई बोलली. “ती घोड्याच्या केसाच्या करती. बाईच्या केसाला हात लावत न्हाय माझी पोर.”

“व्हय का गं?”

मी मान हलवली. तोंडानं ‘व्हय’ सुद्धा म्हटलं नाही. नुसती मान हलवली. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की मी खोटं बोलले नाही, गप्प राहिले. तेही खोटंच. मान हलवली होती, आणि हलवताना वहिनीकडं बघत होते. तिनं ते पाहिलं आणि मग माझ्याकडं बघणं सोडलं.

मावशीनं सांगितलं की हे घरात जाळायचं नाही. जिच्या केसाचं तिच्याच हातानं घराबाहेर गेलं पाहिजे, आणि तीही त्याच्याबरोबर. अण्णा म्हणाले, चार दिवस माहेरी राहू दे, दादा बरा झाला की आणू. अण्णांना भांडण कधी जमलं नाही. चार दिवस हा शब्द त्यांनी स्वतःच्या समाधानासाठी वापरला असावा.

त्याच दुपारी आईनं मागचं दार लावून घेतलं, माझी अंगठ्यांची डबी चुलीपुढं आणली आणि एकेक करून आत टाकली. चिपाडाच्या भुर्रकन गेल्या. करवंटीच्या चांगल्या जळल्या, त्यांच्यावर चहाचं आधणसुद्धा झालं असतं. शिंगाच्या आणि घोड्याच्या केसाच्या जळताना जो वास सुटला तो सगळ्या घरात भरला. न्हाव्याच्या दुकानापाशी केर जळत असला की अजून मी पदर नाकाला लावते. पुढच्या खोलीत वहिनी आपली लुगडी बोचक्यात बांधत होती. तिला वास येत नव्हता असं होणं शक्य नाही. मी आईला म्हणाले, मी सांगते जाऊन. दादा मला काही करायचा नाही, मी सांगते.

आईनं माझं मनगट धरलं. “दादाचं न्हाय गं. केमची मानसं यायची हायती. अवसेला मागावर केस बांधनारी पोर कुन करून घेतंय? तुझी उभी जिंदगी जायची.” मग पुढच्या खोलीकडं मान करून, “तिचं लगीन झालंय. तुझं व्हायचं हाय.”

आईला मी दोष देते असं कुणी समजू नये. तिच्यापुढं दोन पोरी होत्या आणि तिनं आपली निवडली. मी मात्र काय केलं? मी मनगट सोडवून घेतलं नाही. मला आठवतं, त्या क्षणी मला रडू येत होतं आणि रडण्याच्या तळाशी कुठंतरी हायसंही वाटत होतं, की आता हे आईनं ठरवलं. ते हायसं वाटणं मला अजून टोचतं. बाकीचं एक वेळ पोरवय म्हणून सोडून देता येईल.

वहिनीला स्टेशनवर न्यायला टांगा आला तो बाबूमियांचाच. अण्णा सोडायला जाणार होते. बोळातल्या बाया उंबऱ्यांवर उभ्या. वहिनीनं आईला नमस्कार केला, दादाकडं एकदा पाहिलं आणि बोचकं घेऊन मागं बसली. ती अंगठी तिच्याच हातात होती. मावशीनं कागदात बांधून दिली होती, वहिनीनं कागद टाकून दिला आणि ती अंगठ्यात घातली. दादाच्या मापाची, तिच्या बोटांना मोठी झाली असती. बाबूमियांला घरात काय घडलं याचा पत्ता नव्हता. मला दारात बघून त्याला आनंद झाला, आणि सगळ्या बोळाला ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, “क्या बेटी, आजकल बालां लेने को नै आती? इत्ते दिनां से जमा करको रखा हूँ तेरे वास्ते.”

घोडा पाय आपटत होता. घोड्याचे केस मी कित्येक दिवसांत आणले नव्हते, हे आता सगळ्यांसमोर, मोठ्यानं, सांगून झालं होतं. काशीमावशी पदराची गाठ बघायला लागली. दादानं मान वर केली आणि माझ्याकडं पाहिलं. मग तो वळून घरात गेला. थोड्या वेळानं आतून त्याच्या मागाचा आवाज सुरू झाला, तापात, अडखळत. आईनं माझ्या दंडाला धरून मला आत ओढलं. अण्णा टांगेवाल्याला चल म्हणाले. सगळ्यांना कळलं होतं, आणि सगळ्यांनी मिळून ते न कळलेलं करून टाकलं. आणि तिथं, उंबऱ्यावर, एक शब्द पुरला असता. टांगा अजून वळला नव्हता.

दादा बरा झाला. हेच सगळ्यात वाईट झालं. ताप आपल्या मुदतीनं उतरला असणार, पण वहिनी गेल्यावर उतरला, आणि मग जे मनातून चाचरत होते तेही निवांत झाले. काशीमावशीचा मान वाढला. अण्णांचे चार दिवस संपलेच नाहीत. पुढं दादाचं दुसरं लग्न झालं. ती वहिनीही चांगली होती, तिला गाठ यायची. आमच्या घरी पुन्हा हुग्गी झाली नाही. एका सणाला आईनं खपली गहू आणले, निवडून ठेवले आणि मग नुसतेच दळायला दिले. दादा माझ्याशी कधी कठोर वागला नाही. उलट मी माहेरी गेले की निघताना माझ्या हातावर काही ना काही ठेवायचा. पण लहानपणासारखं माझ्या हातात सूत देऊन ‘मार बघू गाठ’ असं तो परत म्हणाला नाही, आणि त्याच्या शेवटच्या आजारात मी उशाशी बसले होते तेव्हाही आम्ही दोघं पावसापाण्याचंच बोललो.

माझं लग्न केमला झालं, ठरल्याप्रमाणं. सासरी कुंकू करायचे. हळद, कुंकवाची भट्टी, वाळवण, आणि वर्षभर सगळ्यांचे हात कोपरापर्यंत लाल. गावोगावच्या सवाष्णींच्या कपाळाला आमच्या घरचं कुंकू लागे. मी ते पुड्यांत भरताना पुष्कळदा मनात म्हणे, एक पुडी मैंदर्गीला जात असेल का आणि ती लावत असेल का. मला मुली झाल्या. त्यांना मी चिपाडाच्या गाड्यासुद्धा करून दिल्या नाहीत. आईला काही येत नाही, असं त्या समजतात.

इथं थांबले असते तर हे प्रकरण एका पोरीच्या चुकीचं झालं असतं, आणि वाचणाऱ्यानं हळहळून मला माफही केलं असतं. पण एक गोष्ट राहिली आहे.

काही वर्षांपूर्वी, आई-अण्णा दोघंही गेल्यावर, मी अक्कलकोटला दर्शनाला म्हणून गेले आणि तिथून एसटीनं मैंदर्गीला उतरले. मी आता लग्न व्हायची पोर नव्हते. केस पांढरे व्हायला लागले होते, माझं कुणी काही वाकडं करू शकणार नव्हतं. विचारत विचारत तिच्या भावाच्या गल्लीत शिरले. एका दारापुढं शेळ्या बांधलेल्या होत्या आणि एक लहान मुलगी त्यांना पाला टाकत होती. तिच्या बोटाकडं माझं लक्ष गेलं आणि मी तिथंच थांबले. काळी अंगठी, मध्ये पिवळा वेढा, वर गुंज. मी तिचा हात हातात घेतला. शेळीचे केस होते. गाठ आमची होती.

कुणी केली गं, असं मी विचारलं. “आमच्या अत्तीनं,” ती म्हणाली. अत्ती म्हणजे आत्या. “सगळ्या पोरींना देती की. तुमाला पायजे?” आणि मी काही म्हणायच्या आत स्वतःचीच काढून तिनं माझ्या तळहातावर ठेवली आणि आत ओरडली, कानडीत, कोणीतरी बाई आलीय म्हणून. त्या मुलीच्या मागं अंधारात दार उघडं होतं. आतून रहाटासारखं काहीतरी फिरल्याचा आवाज थांबला, आणि मी इतक्या वर्षांनी वहिनीचा आवाज ऐकला.

“यारू?”

यारू म्हणजे कोण. तेवढंच तिनं विचारलं. मी त्या मुलीला म्हणाले, वाट चुकले बाळ, आणि वळले, आणि गल्लीच्या तोंडापर्यंत चालत आणि तिथून पुढं जवळजवळ पळत एसटीच्या थांब्यावर आले. या खेपेला माझं मनगट कुणी धरलेलं नव्हतं.

ती अंगठी माझ्याकडं आहे. गाडीत बसल्यावर मी ती खिडकीपाशी धरून आतल्या बाजूनं पाहिली. तिनं माझी अंगठी गाठ न् गाठ सोडवून पाहिली असली पाहिजे, त्याशिवाय हे जमायचं नाही; तिला शिकवायला तिथं कोण होतं? आणि जिथं माझी गाठ नेहमी सैल पडायची, दादा म्हणायचा मोठी झालीस की जमंल, तिथं ती सैल नाही. तिनं ती जागा बसवून घेतली आहे. नख लावून पाहिलं तरी लागत नाही.

ती हयात आहे असं ऐकते. तिला मराठी वाचता येत नाही, पण तिची भाची आता शाळेत जात असेल. तिनं हे कधी वाचून दाखवलंच तर एवढ्यासाठी लिहिते की आतून विचारलं होतं त्याला उत्तर द्यायचं राहिलं होतं. कोण, तर मी, वहिनी. चंद्रा. गाठ माझी होती.